एक स्टार आणि परत आलेलं पार्सल

२३ नोव्हेंबर २०१५. दिल्लीत रामनाथ गोयंका पत्रकारिता पुरस्कारांच्या समारंभात आमिर खान बोलत होता. देशात असुरक्षिततेची भावना वाढते आहे आणि ‘आपण देश सोडायचा का’ असं पत्नी किरणने विचारलं, असं त्याने सांगितलं. यावरून त्याच्यावर टीका होणार हे उघड होतं. पण राग निघाला तो एका दुकानावर. स्नॅपडील या ऑनलाइन दुकानाच्या जाहिरातीत आमिर त्याच वर्षापासून झळकत होता, एवढाच त्या दुकानाचा गुन्हा.

त्या सुमारास अनेक लेखक सरकारी पुरस्कार परत करत होते. त्या ‘अवॉर्ड वापसी’च्या चालीवर ‘ॲप वापसी’ हा शब्द निघाला. लोकांनी फोनवरून स्नॅपडीलचं ॲप काढून टाकलं आणि जाता जाता प्ले स्टोअरवर एकच स्टार ठेवला. पुण्यात १९०५ साली विदेशी कापडाची होळी पेटली तेव्हा त्यात टाकायला घरातले कपडे आणावे लागले होते. इथे अंगठा पुरला. ॲप काढलं तरी खातं तिकडे जिवंतच राहतं. आठ दिवसांनी ॲप पुन्हा घ्या, ओटीपी टाका, जुना पत्ता आणि जुन्या ऑर्डरी जिथल्या तिथे.

आमिरच्या वैयक्तिक मतांशी आमचा संबंध नाही, आम्ही अभिमानी भारतीय कंपनी आहोत, असा खुलासा स्नॅपडीलने केला. गंमत म्हणजे प्रतिस्पर्धी फ्लिपकार्टचे सचिन बन्सल स्नॅपडीलच्या बाजूने बोलले. जाहिरात करणाऱ्याचं प्रत्येक मत कंपनीचं मानायचं, हे तर्कशास्त्रच त्यांना चुकीचं वाटत होतं. पुढे आमिरशी असलेला करार संपला, तो कंपनीने वाढवला नाही.

याचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. जुलै २०१६ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर सियाचिनवरच्या एका पुस्तकाच्या प्रकाशनाला पुण्यात आले होते. नाव न घेता ते एका नटाबद्दल आणि तो ज्या ऑनलाइन कंपनीची जाहिरात करत होता तिच्याबद्दल बोलले. आपली काही माणसं हुशार आहेत, लोक माल मागवून परत करत होते, कंपनीला धडा मिळाला, असा त्यांचा सूर होता. वाद झाल्यावर, आपण कुणा एकाला लक्ष्य केलं नव्हतं, असं ते म्हणाले.

मागवायचं आणि परत करायचं, ही युक्ती ऐकायला बिनतोड वाटते. पण ते पार्सल परत जातं कुठे? स्नॅपडीलसारख्या ठिकाणी माल बहुतेक वेळा कंपनीचा नसतोच, तो छोट्या विक्रेत्याचा असतो. दारात पैसे देण्याच्या बोलीवर ऑर्डर येते, विक्रेता कुर्त्याची घडी करतो, पिशवीत घालतो, लेबल चिकटवतो. पाच-सहा दिवसांनी, गिऱ्हाइकाने घेतलाच नाही म्हणून, तोच कुर्ता चुरगळून त्याच्या दाराशी. या धंद्यात अशा परतीला ‘आरटीओ’ म्हणतात, ‘रिटर्न टू ओरिजिन’. गाडीच्या लायसन्सवाल्या आरटीओशी त्याचा संबंध नाही, मनस्ताप मात्र तेवढाच. जाण्यायेण्याच्या खर्चाचा बराच भार आणि अडकलेला माल, दोन्ही अनेकदा त्याच्याच माथी. देश सोडण्याबद्दल तो काहीच बोललेला नसतो.

मग गिऱ्हाईक तुटलं का? स्नॅपडील पुढे घसरलं हे खरं. म्हणून बहिष्कारानेच ते बुडवलं, असं सांगणारे आजही भेटतात. पण वादानंतर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, गुंतवणूकदारांनी कंपनीचं मूल्य सुमारे साडेसहा अब्ज डॉलर धरून तिच्यात पैसा ओतला होता. खरा मार बसला तो फ्लिपकार्ट आणि ॲमेझॉन यांच्या सवलतींच्या लढाईत. जुलै २०१७ मध्ये स्नॅपडील विकत घेण्यासाठी फ्लिपकार्टने देऊ केलेली रक्कम एक अब्ज डॉलरच्याही आत होती. स्नॅपडीलने ती नाकारली आणि त्याच सुमारास आपली फ्रीचार्ज कंपनी ॲक्सिस बँकेला ३८५ कोटी रुपयांना विकली. ज्याच्यावरून हे सगळं पेटलं त्या आमिरच्या ‘दंगल’वरही बहिष्काराची हाक होती, डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या त्या चित्रपटाने विक्रमी गल्ला जमवला.

अमेरिकेतलं एक मोजमाप इथे उपयोगी पडतं. गोया ही डाळी-कडधान्यं विकणारी कंपनी. २०२० च्या जुलैमध्ये तिच्या प्रमुखाने ट्रम्प यांची स्तुती केली. एकीकडून बहिष्काराची हाक आली, दुसरीकडून मुद्दाम खरेदी करण्याची. अभ्यासकांनी विक्रीचे आकडे तपासले, तर विक्री कमी होण्याऐवजी तात्पुरती २२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तीन आठवड्यांत तीही ओसरली.

म्हणजे वादाने हलतात ते गिऱ्हाइकापेक्षा कंपनीचे साहेब. ॲमेझॉनने २०२० मध्ये चार दाक्षिणात्य भाषा आणल्या, मराठी नव्हती. मनसेने ‘मराठी नाही, तर ॲमेझॉन नाही’ अशी मोहीम काढली, डिसेंबरात मुंबई-पुण्यात तोडफोड झाली, प्रकरण दिंडोशीच्या न्यायालयात गेलं. पुढच्या वर्षी, सणांच्या तोंडावर, मराठी आली. त्यात आंदोलनाचा धाक किती आणि दिवाळीच्या खरेदीचा हिशेब किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

आणि एप्रिल २०१७ ची गोष्ट राहिलीच. भारत-स्पेनसारख्या गरीब देशांत आपल्याला रस नाही, असं स्नॅपचॅटचे प्रमुख म्हणाल्याचा आरोप एका माजी कर्मचाऱ्याने केला होता. कंपनीने तो फेटाळला, पण भारतात राग उसळला आणि एक-एक स्टारचा पाऊस पुन्हा सुरू झाला. नावातल्या साधर्म्यामुळे त्यातले काही स्टार भलत्याच ॲपवर पडले. स्नॅपडील म्हणजे स्नॅपचॅट नव्हे, हे संस्थापक कुणाल बहल यांना जाहीरपणे सांगावं लागलं.