नोकरीची जाहिरात कशी लिहावी

'नेमणें आहे' किंवा 'पाहिजेत' या मथळ्याखालीं येणाऱ्या चार ओळी लिहिणें हें किरकोळ काम आहे, अशी समजूत फार दिवसांची आहे. वास्तविक पाहतां माणूस निवडण्याचें काम मुलाखतीच्या खोलींत सुरू होत नाहीं. तें या चार ओळींतच सुरू झालेलें असतें. जाहिरात वाचून जो अर्जच करीत नाहीं, त्याची निवड कितीही चाणाक्ष परीक्षकाला करतां येत नाहीं.

१९७४ सालची एक गोष्ट या दृष्टीनें बोधप्रद आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजेच पुढें प्रसिद्धीस आलेल्या सुधा मूर्ती, यांनीं टेल्को कंपनीची जाहिरात पाहिली. तरुण, हुशार व कष्टाळू इंजिनिअर हवेत असें तींत म्हटलें होतें. आणि तळाशीं, स्त्रियांनीं अर्ज करूं नये अशी एक ओळ होती. त्यांनीं जे. आर. डी. टाटा यांस पोस्टकार्ड लिहून या भेदाचा जाब विचारला. पुढें पुण्यास त्यांची मुलाखत झाली व त्या कंपनीच्या पहिल्या स्त्री-इंजिनिअर झाल्या. हुशारी व कष्ट यांचा त्या कामाशीं संबंध होता; शेवटच्या ओळीचा मात्र कांहीं नव्हता. एकीनें पत्र लिहिलें; पण ती ओळ वाचून ज्या मुकाट्यानें घरीं बसल्या असतील, त्यांची नोंद कोणाच्याही दप्तरीं नाहीं.

१९७६ च्या समान वेतन कायद्यानें नोकरभरतींत स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई केली. परंतु उघड मनाई गेली तरी शब्दांतून ती डोकावतेच. गॉशर, फ्रीसन व के या संशोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, चढाओढ, वर्चस्व अशा पुरुषी वळणाच्या शब्दांनीं भरलेली जाहिरात स्त्रियांस कमी आकर्षक वाटते. त्याचें कारण पात्रतेविषयींची शंका हें नव्हे. अशा ठिकाणीं आपण उपरे ठरूं, ही भावना हें होय. मराठींत तर विशेषणच लिंग सांगून जातें. म्हणून 'काम जाणणारा' याऐवजीं 'काम जाणणारी व्यक्ति' असें लिहिणें हिताचें.

दुसरा प्रश्न पात्रतेचा. आवश्यक काय आणि असल्यास बरें तें काय, या दोन गोष्टी वेगळ्या मांडाव्यात. उगाच मोठी पदवी मागितली, तर कामाचा जाणकार मागें सरतो. आणि ऐनवेळीं ती अट शिथिल केली, तर त्याच्यावर अन्याय होतो. १९९० सालीं विजयनगरम् जिल्ह्यांतील एका शिक्षिकेच्या नेमणुकीच्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें हाच मुद्दा मांडला. जाहिरातींतील अट डावलून नेमणूक केली, तर तो केवळ मालक व नोकर यांच्यामधला प्रश्न राहत नाहीं; ती अट वाचून ज्यांनीं अर्जच केला नाहीं, ते सर्व त्यांत दुखावले जातात. निकाल सरकारी नेमणुकीचा असला, तरी त्यांतला न्याय खासगी दुकानासही लागू पडावा असाच आहे.

तिसरा प्रश्न पगाराचा. 'पगार योग्यतेनुसार' हे शब्द मालकास सोयीचे वाटतात. पण उमेदवारास ते कांहींच सांगत नाहींत. एक दिवसाची मजुरी बुडवून व एस. टी. चें भाडें भरून तो येतो, आणि पगाराचा आकडा ऐकून परत जातो. त्यांत दोघांचाही वेळ फुकट जातो. पण पैसे मात्र गरिबाचेच खर्च होतात.

आतां पुढील नमुना पाहावा. 'हुशार, चलाख, अष्टपैलू हिशेबनीस पाहिजे. पगार योग्यतेनुसार. समक्ष भेटा.' आपण हुशार नाहीं असें कोण म्हणेल? त्यामुळें अर्जांचा ढीग पडतो व योग्य माणूस त्याखालीं दडतो. तीच जाहिरात अशी लिहितां येईल : 'तालुक्याच्या गांवीं औषधांच्या घाऊक दुकानास हिशेबनीस नेमणें आहे. काम : रोजचीं बिलें संगणकावर नोंदणें, बँकेचा हिशेब जुळविणें, जीएसटीचीं विवरणपत्रें तयार करणें. वाणिज्य शाखेची पदवी आवश्यक; अनुभव असल्यास प्राधान्य. वेळ १० ते ६, गुरुवारीं सुटी. महिनाअखेर दोन दिवस ८ पर्यंत थांबावें लागेल; त्याचा मोबदला निराळा. पगार दरमहा २०,००० ते २४,००० रुपये. अर्जास शुल्क नाहीं.'

या जाहिरातींत एकही गौरवाचा शब्द नाहीं. पण वाचणारा स्वतःच स्वतःची परीक्षा घेऊं शकतो. महिनाअखेरचा त्रासही तींत लपविलेला नाहीं. जो तो जाणून येतो, तो पहिल्याच महिन्यांत नोकरी सोडून जाण्याचा संभव कमी.

छापण्यापूर्वीं जाहिरात तेंच काम करणाऱ्या एखाद्या माणसास वाचावयास द्यावी, आणि काम कोणतें, कोठें व किती पगारावर, एवढेंच विचारावें. या तीन प्रश्नांचीं उत्तरें त्याला देतां आलीं नाहींत, तर जाहिरात अजून लिहून झालेली नाहीं असें समजावें.