ओळखीची लिपी, अनोळखी भाषा

सहरी आटोपून फजरची जमात उभी राहीपर्यंत थोडा वेळ मिळतो. गेल्या रमजानमध्ये त्या वेळात मी मोबाइलवर अरबीचा पहिला धडा उघडला. लहानपणी मकतबमध्ये 'कायदा' गिरवून कुराणपठण शिकलो होतो, उर्दूमुळे लिपीही ओळखीची. अरबी आपल्याला जवळपास येतेच, असा माझा समज होता. आठवडाभरात तो गळून पडला. अक्षरे वाचता येत होती, अर्थ लागत नव्हता. तरावीहमध्ये इतकी वर्षे जे श्रद्धेने ऐकले, त्यातले फारच थोडे मला कळत होते.

मग एका ऑनलाइन वर्गात नाव घातले. दर रविवारी पडद्यावर आम्ही आठ-दहा जण. त्यात मराठी माध्यमात शिकलेली एक परिचारिका होती, तिला नोकरीसाठी सौदी अरेबियात जायचे होते. उस्ताद तिच्यापेक्षा मलाच जास्त टोकत. कारण अरबीच्या 28 अक्षरांत से, सीन आणि स्वाद यांचे उच्चार वेगवेगळे आहेत, उर्दूत मात्र आम्ही तिन्हींचा 'स' करतो. तिच्या जिभेला ही सवयच नव्हती. अरबीत उच्चार चुकला की अर्थही बदलतो. घशाच्या आतून काढलेला 'क़ल्ब' म्हणजे हृदय, साधा 'कल्ब' म्हणजे कुत्रा!

मोबाइलवरचे धडे उपयोगाचे आहेतच. एकच शब्द पन्नास वेळा ऐकला तरी कुणी वैतागत नाही. तमिळनाडूतल्या वाणियंबाडीचे डॉ. व्ही. अब्दुर रहीम यांनी मदिना विद्यापीठात अरबी मातृभाषा नसलेल्यांसाठी लिहिलेली पुस्तके आज व्हिडिओंसह घरबसल्या मिळतात. पण योग्य पर्यायावर बोट ठेवले की हिरवी खूण उमटते, तोंडातून काय निघाले ते ऐकायला कान लागतो. धड्यात 'तुम्हाला काय हवे' याला 'माज़ा तुरीद' म्हणतात, सौदीतला रुग्ण मात्र 'एश तब्गा' म्हणेल. हा फरक उस्तादांनी सांगितला, म्हणून तिने बोलीचे शब्द वेगळ्या वहीत उतरवले.

एकदा तिने विचारले, "सर, हिसाब म्हणजे आपला हिशेबच ना?" त्या दिवशी आम्ही वकील, तारीख, अर्ज, जिल्हा असे शब्द मोजत बसलो. मकतबमधला माझा 'कायदा' आणि कोर्टातला कायदाही मुळात एकच. अरबी आपल्या मराठीत कधीची येऊन राहिली आहे.

यंदा तरावीहला उभा असताना मधूनच एखादा शब्द अर्थासह कानी पडतो. सगळे कळायला अजून बरेच रमजान जातील. परवा तिचा व्हॉइस मेसेज आला, "सर, रमजान मुबारक. माझा क़ाफ बरोबर येतो का?"

मी कळवले, "माझ्यापेक्षा चांगला."