वकील वेळेवर मिळाला, तरच शिक्षेतील सुधारणेला अर्थ

मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्यात, सौसर तहसिलीतील बोरगाव हे औद्योगिक क्षेत्र आहे. येथे अनेक घरांत मराठी बोलली जाते. न्यायालयाचे कामकाज मात्र हिंदीत चालते. समजा, येथील एखाद्या कामगारावर पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूच्या चोरीचा आरोप आला, तर त्याच्यापुढे कोणते मार्ग आहेत?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार, अशा चोरीत प्रथमच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिचे मूल्य परत केल्यास त्याला तुरुंगवासाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा होते. एरवी साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरी सुधारणा कच्च्या कैद्यांसाठी आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, की त्याची जामिनावर सुटका व्हावी लागते. त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही तरतूद लागू नाही. आरोपीविरुद्ध एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असली, तरीही ती मिळत नाही.

मात्र ज्याला आपला हक्कच ठाऊक नाही, तो वस्तू परत करण्याची तयारी न्यायालयापुढे कशी मांडणार? जामीनदार कोठून आणणार? म्हणूनच शिक्षेतील सुधारणा आणि विधी साहाय्य यांचा एकत्र विचार करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात मोफत वकिलाची गरज अधोरेखित केली. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता हे साहाय्य मिळते. बोरगावच्या कामगाराला हा हक्क आहे, तसाच वेर्णा किंवा कुंडईतील कामगारालाही.

एक प्रश्न उरतोच. समान गुन्ह्याला समान शिक्षा व्हावी, यासाठी मार्गदर्शक तत्त्वे हवीत, अशी शिफारस मलिमठ समितीने २००३ मध्ये केली होती. त्यासाठी स्वतंत्र कायदा अद्याप झालेला नाही. तोवर शिक्षा किती, हे बरेचसे न्यायाधीशांच्या विवेकावर आणि आरोपीची बाजू कशी मांडली जाते, यावर अवलंबून राहते. मोफत वकिलासाठी १५१०० हा क्रमांक देशभर उपलब्ध आहे. अटकेनंतर कुटुंबाने पहिला दूरध्वनी तेथेच करणे हिताचे.