घरच्या बर्फाने मासळी ताजी राखण्याची पद्धत

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर लहान होड्यांतून मासेमारी करून निर्वाह करणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. पहाटे निघालेली होडी दुपारी किनाऱ्यास लागते आणि मासळीची पाटी बाजारात पोहोचेपर्यंत दिवस कलतो. मोठ्या यांत्रिक नौका बंदरात बर्फ भरूनच समुद्रात जातात. परंतु दहा-बारा किलो मासळीसाठी दूरच्या कारखान्यातून बर्फाची लादी आणणे लहान होडीवाल्यास परवडत नाही. ओल्या गोणपाटाखाली मासळी झाकून तो परत येतो. परिणामी, सकाळी हाती आलेला उत्तम बांगडा सायंकाळी पडेल भावाने विकावा लागतो, आणि बाजारात बसलेल्या घरच्या स्त्रीला गिऱ्हाइकाची बोलणी ऐकावी लागतात ती निराळीच. घरच्या फ्रीजमध्ये तयार केलेला बर्फ व एक चांगली पेटी यांच्या साहाय्याने ही हानी बऱ्याच अंशी टाळता येते.

मासळी का बिघडते?

मासा मरताच त्याच्या कल्ल्यांतील, आतड्यांतील व कातडीवरील सूक्ष्म जंतू वाढू लागतात. ही वाढ उष्णतेवर अवलंबून असते. शून्य अंश सेल्सिअसला जो बिघाड होण्यास ४ दिवस लागतात, तो १० अंशांवर सुमारे एका दिवसात होतो. ३० अंशांच्या उन्हाळी हवेत तर काही तासांतच मासळी उतरते.

बांगडा, तारली व कुपा या जातींच्या बाबतीत धोका अधिक आहे. त्या उबेत राहिल्यास त्यांच्या मांसात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. अशी मासळी खाल्ल्याने चेहरा लाल होणे, अंगावर पित्त उठणे, डोके दुखणे असे विकार उद्भवतात. हे द्रव्य शिजविल्याने, तळल्याने किंवा खारविल्याने नाहीसे होत नाही; मासळीला वास येण्यापूर्वीही ते तयार झालेले असू शकते. मागाहून कितीही बर्फ घातला तरी झालेला बिघाड भरून येत नाही. म्हणून बर्फ बाजारात नव्हे, तर होडीतच मासळीस लागला पाहिजे.

बर्फ किती लागेल?

१ किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. या हिशेबाने १० किलो मासळी ३० अंशांवरून शून्याच्या जवळ आणण्यास सुमारे ३ किलो बर्फ खर्ची पडतो. याशिवाय पेटीच्या भिंतींतून बाहेरची उष्णता आत शिरते. आतून ६० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच अशी, ५ सेंटिमीटर जाड थर्माकोलची पेटी सावलीत ठेवल्यास १० तासांत सुमारे २ किलो बर्फ वितळतो. थर्माकोल निम्म्या जाडीचा असेल तर हा खर्च दुप्पट होतो. झाकण वारंवार उघडल्याने होणारी घट धरून, जितकी मासळी तितका बर्फ हे प्रमाण व्यवहारात ठेवावे.

बर्फ कसा तयार करावा?

घरगुती फ्रीजच्या बर्फकप्प्यात दिवसाला साधारणतः २ ते ४ किलोच पाणी नीट गोठते. यास्तव मासेमारीस जाण्यापूर्वी तीन-चार दिवस रोज थोडा थोडा बर्फ करून साठवावा. कप्पा लहान असल्यास दोन शेजारी घरांनी मिळून हे काम करावे. १० किलो बर्फास साधारणपणे एक ते दीड युनिट वीज लागते.

पाणी पिण्यायोग्यच असावे. अर्धा बर्फ प्लास्टिकच्या स्वच्छ बाटल्यांत करावा व उरलेला रुंद तोंडाच्या डब्यांत करावा. गोठताना पाणी सुमारे एक-दशांशाने फुगते, म्हणून बाटली काठोकाठ भरू नये. डब्यातील बर्फ सुटत नसल्यास डबा बाहेरून क्षणभर पाण्यात बुडवावा. नंतर तो बर्फ स्वच्छ पोत्यात घालून लाकडी मोगरीने बारीक ठेचावा.

दोन्ही प्रकारांचे काम निरनिराळे आहे. बारीक बर्फ मासळीस सर्व बाजूंनी भिडतो व तिला लवकर थंड करतो. बाटलीतील बर्फ सावकाश वितळतो व पेटी दीर्घकाळ गार राखतो. केवळ बाटल्यांवर विसंबल्यास त्यांच्या लगतची मासळी थंड होते, मधली मात्र उबदार राहते.

पेटी कशी भरावी?

थर्माकोलची पेटी लाकडी खोक्यात बसविल्यास ती धक्क्याने फुटत नाही. तळाशी बुचाचे एक भोक ठेवावे. बाटल्या भिंतींलगत उभ्या कराव्यात, कारण उष्णता तेथूनच आत येते. तळाशी बोटभर जाडीचा बर्फाचा थर पसरावा, त्यावर मासळीचा एक थर, पुन्हा बर्फ, अशी रचना करावी. सर्वांत वरचा बर्फाचा थर जाड असावा. वितळलेले पाणी रक्त व चिकटा धुऊन नेते. ते तळाशी साचू न देता बूच काढून वेळोवेळी सोडून द्यावे.

मासळी अधिक लवकर थंड करावयाची असल्यास दोन भाग बारीक बर्फात एक भाग समुद्राचे स्वच्छ पाणी मिसळावे. असे मिश्रण शून्याच्याही किंचित खाली जाते आणि मासळीस सर्वत्र स्पर्श करते. बांगड्याएवढी मासळी त्यात अर्धा ते एक तास ठेवून मग पाणी काढून टाकावे व ती बर्फाच्या थरांत रचावी. हे पाणी किनाऱ्यापासून दूर घ्यावे. बंदरातील किंवा गावालगतच्या खाडीतील पाणी वापरू नये. बर्फात निराळे मीठ टाकण्याचे कारण नाही, त्याने बर्फ लवकर संपतो.

पेटीवर ओले गोणपाट घालावे व ऊन लागू देऊ नये. जुन्या लाकडी खोक्यास भोवती लाकडाचा भुसा भरून दुसरे खोके बसविले तरी कामचलाऊ पेटी होते. मात्र भुसा कोरडा राहिला पाहिजे व मासळीस लागता कामा नये. परत आल्यावर पेटी व बाटल्या साबणाने धुऊन उन्हात वाळवाव्यात.

अनेक दिवस समुद्रावर राहणाऱ्या नौकांस ही पद्धत पुरणार नाही. त्यांस कारखान्याचा बर्फच हवा. परंतु सकाळी जाऊन सायंकाळी परतणाऱ्या होडीस, त्याचप्रमाणे तलावात मासेमारी करणारांस ती सहज साधण्याजोगी आहे. पाटीतील पहिला मासा व शेवटचा मासा सारखाच ताठ व लाल कल्ल्यांचा निघाला म्हणजे गिऱ्हाईक भाव पाडून मागत नाही. बर्फावर खर्च झालेले थोडे पैसे त्या पाटीतूनच वसूल होतात.