हालचाल, अवधान आणि स्त्रीची बुद्धी

बालपणी दमा व मुडदूस यांनी ग्रासलेल्या जोसेफ पिलाटीस (१८८३-१९६७) या जर्मन गृहस्थाने पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या स्थानबद्धतेत असताना एक व्यायामपद्धती आकारास आणली. आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. पोट, पाठ व कंबर यांचे स्नायू स्थिर राखून, श्वासाच्या लयीत सावकाश करावयाच्या या हालचालींत क्रम ध्यानात ठेवावा लागतो, तोल सावरावा लागतो. म्हणजेच येथे शरीरासोबत अवधानही राबते.

व्यायाम व बुद्धी यांचा संबंध प्रयोगांतूनही दिसला आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, १२० वयस्कांवरील अमेरिकेतील अभ्यासात वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालणाऱ्यांच्या मेंदूतील 'हिप्पोकॅम्पस' हा स्मृतीशी निगडित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला. केवळ ताण देण्याचे व हलके व्यायाम करणाऱ्यांत तो घटला. म्हणून पिलाटीस हा चालण्याचा पर्याय नव्हे, पूरक मानावा. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचविते.

आमच्या आज्या शेतात राबल्या; त्यांच्या नाती शिकल्या आणि कार्यालयांत तासन्‌तास बसू लागल्या. कष्टातून सुटका ही मोठी मिळकत आहे, परंतु तिची किंमत शरीराने व स्मृतीने चुकवू नये. पालकांस व माजी विद्यार्थिनींस आमचे सांगणे एवढेच, की घरातील प्रत्येक स्त्रीस रोज अर्धा तास तिचा स्वतःचा मिळावा. जाणकाराकडून एकदा शिकून घेतल्यावर एक चटई पुरते. शिक्षणाने जी बुद्धी जागविली, तिची निगा राखणे हेही शिक्षणाचेच काम होय.