एकच मोठं जेवण, पोळी-भात बंद. मग पोट का बिघडतं?

दिवसभर पाणी आणि बिनसाखरेचा कोरा चहा. रात्री आठला मात्र ताट गच्च भरलेलं: चार अंडी, पाव किलो पनीर, तुपात परतलेली फ्लॉवरची भाजी, वर मूठभर बदाम. वजन उतरतं, पण जेवल्यावर पोट दगडासारखं जड होतं, ढेकर थांबत नाहीत, छातीत जळजळतं. काहींना हात धुतल्या धुतल्या शौचाला पळावं लागतं, तर काहींना तीन-तीन दिवस होतच नाही.

महाराष्ट्रात दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे घरोघरी पोहोचली. काही जण त्याही पुढे जाऊन एकाच जेवणावर येतात आणि त्यातूनही कर्बोदकं काढून टाकतात. हे दोन्ही बदल एकदम केले की पोट तक्रार करतं. त्यामागची कारणं वेगवेगळी आहेत.

पोट जड का होतं?

रिकामं जठर साधारण मुठीएवढं असतं. जेवताना ते सैल होतं आणि एक ते दीड लिटरपर्यंत अन्न सामावून घेतं. दिवसभराचं अन्न एकाच बैठकीत आलं की जठराच्या भिंती ताणल्या जातात. त्यात जेवण तेलातुपाचं असेल, तर लहान आतडं 'कोलेसिस्टोकायनिन' नावाचं संप्रेरक सोडतं. हे संप्रेरक जठराला अन्न हळूहळू पुढे ढकलायला लावतं. म्हणून असं जेवण चार-पाच तासांनंतरही पोटात बसून राहिल्यासारखं वाटतं.

जळजळीचं कारणही इथेच आहे. भरलेल्या जठरातला दाब वाढतो, स्निग्ध पदार्थांमुळे अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडते, आणि लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं.

जुलाब कशामुळे?

बोलीभाषेत आम्लालाच 'पित्त' म्हणतात, पण खरा पित्तरस यकृतात तयार होतो आणि पित्ताशयात साठतो. स्निग्ध पदार्थ पचवायला तोच लागतो. एका वेळी आलेल्या तेलातुपाचं प्रमाण पचनाच्या आवाक्याबाहेर गेलं, तर उरलेला भाग मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथे तो पाणी ओढून घेतो आणि शौचाला पातळ, तेलकट होते. 'शुगर फ्री' चॉकलेट-बिस्किटांतले माल्टिटॉल, सॉर्बिटॉल हे घटकही हेच करतात. शिवाय गॅस वाढवतात.

आणि बद्धकोष्ठ?

शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. कर्बोदकं बंद झाली की हा साठा संपतो, पाणी आणि मीठ लघवीवाटे जातं. पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरलेल्या वजनात याच पाण्याचा वाटा मोठा असतो. त्याच वेळी भाकरी, डाळ, उसळ ताटातून गेल्याने तंतुमय पदार्थही घटतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सुचवते. अंडी आणि पनीर यांत ते जवळजवळ नसतातच.

काय करता येईल?

पहिला उपाय म्हणजे एकदम उडी न मारणं. तीन जेवणांवरून आधी दोनवर यावं, काही आठवड्यांनी पुढचं ठरवावं. एकच जेवण घ्यायचं असेल तर ते सावकाश, अर्ध्या-पाऊण तासात घ्यावं. तूप-तेल एकदम न वाढवता थोडं थोडं वाढवावं. ताटात मेथी, पालक, भेंडी, दुधी असावी. फ्लॉवर-कोबीने गॅस होत असेल तर त्या कमी कराव्यात. पाणी दिवसभर विभागून प्यावं. जेवण आणि झोप यांत किमान तीन तासांचं अंतर ठेवावं. एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर जेवण दोन वेळांत वाटून घेणं शहाणपणाचं.

केव्हा थांबायचं?

वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. आधीपासून खडे असतील, तर तेलकट जेवणानंतर पित्ताशय जोराने आकुंचन पावतं आणि एखादा खडा वाटेत अडकतो. उजव्या बरगडीखाली उठून पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाणारी कळ, ताप, डोळे पिवळे होणं, काळी शौच, न थांबणाऱ्या उलट्या यांपैकी काहीही दिसलं तर 'गॅस असेल' म्हणून ओवा खाऊन झोपू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर असा आहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये, कारण औषधाचा डोस तोच राहिला आणि जेवण कमी झालं तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. गरोदर आणि स्तनदा महिलांनी, तसंच वाढत्या वयातल्या मुलांनी ही वाट धरू नये.