ज्याचं चित्र, त्याचाच ब्रश

मी चित्रकार नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी मराठीत कविता लिहिणारा माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि पन्नाशी ओलांडेपर्यंत हातात पेनाशिवाय दुसरं काही धरलं नाही. लहानपणी वहीत काही काढायला बसलो की नानी म्हणायची, "झाड निकाल, पत्ती निकाल, आदमी की सूरत मत निकाल रे." मग मी वहीच्या कडेला वेलबुट्टी काढत राहिलो. पुढे त्याच वह्यांत कविता आल्या आणि वेलबुट्टी मागे पडली.

ती पुन्हा हाती आली जालन्यात रविवारी सकाळी जमणाऱ्या एका मंडळात. मंडळ म्हटलं तरी त्याला ना पावतीपुस्तक, ना अध्यक्ष. शाळेची एक खोली सुट्टीच्या दिवशी उघडी मिळते. तिथे निवृत्त चित्रकला शिक्षक येतात, त्यांना सगळे 'सर' म्हणतात. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात उभी हयात घालवलेले एक गृहस्थ येतात, ते सगळ्यांचे 'मामा'. बियाणांच्या दुकानात काम करणारा एक तरुण, कॉलेजच्या दोन मुली, तीन-चार गृहिणी आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं, असा आमचा गोतावळा. कला संचालनालयाच्या या रेखाकला परीक्षा महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द आपल्यापैकी अनेकांनी तिथेच पहिल्यांदा ऐकले. परीक्षा संपली की पेटी माळ्यावर जाते. आमच्या मंडळाचं काम एवढंच, की ती पेटी माळ्यावरून खाली आणायची.

पहिल्या रविवारी सरांनी मला एक मोसंबी दिली. जालन्याची मोसंबी म्हणजे आमच्या जिल्ह्याची ओळख; २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. सर म्हणाले, "हिचा रंग सांगा." मी म्हटलं, "पिवळा." ते हसले. म्हणाले, "खिडकीजवळ ठेवा आणि दहा मिनिटं नुसतं बघा."

दहा मिनिटांनी त्या एका फळावर मला पाच जागा दिसल्या. खिडकीच्या बाजूला एक ठिपका जवळजवळ पांढरा, तिथे उजेड थेट पडतो. त्याच्याभोवती पिवळा. मग हिरवट पिवळा, ती मधली छटा. पुढे गडद पट्टा, तिथे उजेड पोचत नाही. आणि अगदी खालच्या कडेला पुन्हा थोडी उजळ रेघ! टेबलावर पडलेला उजेड उलटून फळाला खालून लागतो, त्याला परावर्तित प्रकाश म्हणतात. ही रेघ विसरली की फळ कागदाला चिकटलेल्या चकतीसारखं दिसतं. ती आली की गोल होतं. शिवाय टेबलावरची पडछाया वेगळीच. ती फळाजवळ गडद आणि कडेला विरळ असते.

जलरंगाची रीत तैलरंगाच्या उलट आहे. तैलरंगात पांढरा शेवटी लावता येतो. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागदच. तो आधीपासून राखून ठेवावा लागतो. म्हणून फिक्याकडून गडदाकडे जायचं. पहिला हात अगदी पातळ पिवळा, चमकीची जागा सोडून. तो वाळल्यावर हिरवट छटा, आणि सावली सर्वांत शेवटी. सावलीत काळा रंग घालू नका, ही सरांची पहिली ताकीद. काळ्याने रंग मरतो. पिवळ्याच्या सावलीत किंचित जांभळा मिसळा. ते एकमेकांच्या विरुद्ध रंग, म्हणून एकमेकांना शांत करतात. करडा हवा असेल तर अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा विटकरी तपकिरी एकत्र करा. निळा जास्त घातला तर ढगाचा करडा मिळतो, तपकिरी जास्त घातला तर ओल्या मातीचा.

पुढे एकदा काली मशिदीच्या भिंतीसमोर बसलो, तेव्हा याचा अर्थ कळला. नाव काली; पण सकाळच्या उन्हात तो दगड निळसर होता, कोपऱ्यात तपकिरी, आणि जिथे पावसाचं पाणी ओघळतं तिथे हिरवट. ज्या भिंतीजवळून लहानपणापासून येजा केली, ती मी पाहिलीच नव्हती.

आमच्याकडच्या हवेबद्दलही दोन शब्द. मराठवाड्यात मार्चनंतर रंग कागदावर टेकवला न टेकवला तोच वाळतो आणि कडा उमटतात. त्यासाठी सकाळी लवकर बसावं, कागद मागून ओला करून घ्यावा, आणि पॅलेटवर रंग आधीच भरपूर कालवून ठेवावा. पावसाळ्यात याच्या उलट. रंग वाळतच नाही आणि आपण घाईने दुसरा हात देतो, मग चिखल होतो. थांबायला शिका. पाण्याची दोन भांडी ठेवा, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. पैसे खर्च करायचेच तर कागदावर करा. ३०० जीएसएमचा जाड कागद पाणी झेलतो. रंग विद्यार्थ्यांचे चालतील आणि ब्रश दोन पुरेत, एक मोठा गोल आणि एक बारीक.

मामांचा सल्ला हाताबद्दलचा. फ्लेक्स आला आणि त्यांचं काम हळूहळू बंद पडलं. पण आजही ते डाव्या हातात काठी आडवी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकवतात आणि एका दमात 'श्री' काढतात. ते सांगतात, "लांब रेघ बोटांनी ओढू नका, खांद्यातून ओढा. आणि नजर ब्रशवर नको, रेघ जिथे पोचायची तिथे ठेवा." सायकल शिकवताना वडील हेच सांगायचे, समोर बघ.

हे सगळं शिकून वर्ष झालं आणि मला वाटू लागलं, की आता आपल्याला कळतं. इथेच माझी चूक झाली.

मंडळात घनसावंगीकडच्या एक ताई येत. बोलणं कमी. एका रविवारी त्या बागेचं चित्र काढत होत्या. झाडांच्या दोन ओळी, खोडं करडी, पानं राखेसारखी, खाली भेगाळलेली जमीन. मी मागे उभा राहिलो. मला ते चित्र निर्जीव वाटलं. म्हटलं, "ताई, थोडा हिरवा द्या, चित्र उठेल." त्या काही बोलल्या नाहीत. मी त्यांच्या हातातला ब्रश घेतला आणि पहिल्या ओळीतल्या तीन झाडांवर हिरवा रंग टाकला. चांगला जमला होता हिरवा. मी खूशही झालो.

त्यांनी कागद उचलला, पेटी बंद केली आणि नमस्कार करून निघून गेल्या. पुढचा रविवार आल्या नाहीत. त्याच्या पुढचाही नाही.

शेवटी सरांबरोबर मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. मग त्या म्हणाल्या, "भाई, ती आमची बाग होती. २०१२ च्या दुष्काळात गेली. टँकरने पाणी घालून पाहिलं, मग तेही झेपेना. नंतर झाडं तोडून टाकली. त्या वर्षी तिथे हिरवं काहीच नव्हतं."

ज्यांना ते वर्ष आठवतं, त्यांना मी काय सांगू! २०१२-१३ मध्ये जालना जिल्ह्यात अशा कितीतरी मोसंबीच्या बागा वाळल्या. हातातोंडाशी आलेली झाडं लोकांनी स्वतः तोडली. ताई ते चित्र सुंदर करायला बसल्या नव्हत्या. त्या वर्षी जे डोळ्यांनी पाहिलं ते कागदावर ठेवत होत्या, आणि मी त्यावर हिरवा रंग फासून आलो होतो. मी माफी मागितली. माझ्या कवितेतला एक शब्द न विचारता कुणी बदलला तर मी आठवडाभर जेवत नाही. पण दुसऱ्याच्या चित्राच्या वेळी ते मला सुचलं नाही.

त्यानंतर आमची मंडळी अजिंठ्याला गेली होती. जालन्याहून भोकरदन, सिल्लोड करत गेलं की लेणी येतात. तिथे सरांनी एक हकिकत सांगितली. १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. त्यांच्याबरोबर बंगालचे नंदलाल बोस होते, तसे हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीनही होते. जालना तेव्हा हैदराबाद संस्थानातच होतं. आमच्याच मुलखातल्या या दोघांनी बोधिसत्त्वासमोर बसून रेघ न् रेघ उतरवून घेतली. त्यांचं सगळं काम आपल्या कागदावर. भिंतीला त्यांनी रंग लावला नाही.

पुढे १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारने ही चित्रं वाचवण्यासाठी इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले, चेक्कोनी आणि ओर्सिनी. त्यांनी सुटत चाललेला गिलावा पुन्हा बसवला. हे काम मोलाचं होतं. पण चित्रं टिकावीत म्हणून त्यांनी वरून लाखेचा थर दिला. काळाच्या ओघात तो थर पिवळा पडला, काळवंडला, आणि मूळचे रंग त्याखाली दडले. तो उतरवण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षं खपावं लागलं. हेतू वाईट नव्हता. माझाही नव्हता. ती हकिकत ऐकताना सर माझ्याकडे पाहत नव्हते, तरी मी मान खाली घातली.

तेव्हापासून मंडळात चार नियम आहेत. कुठल्याही गावात असं मंडळ सुरू करायचं असेल तर ते उपयोगी पडतील, म्हणून सांगतो.

एक, सल्ला देण्याआधी विचारायचं, "तुम्हाला काय दाखवायचंय?" उत्तर मिळेपर्यंत मत द्यायचं नाही. दोन, दुसऱ्याच्या कागदाला ब्रश लावायचा नाही. काही करून दाखवायचंच असेल तर शेजारी वेगळा कागद घ्यायचा. तीन, 'छान आहे' किंवा 'जमलं नाही' एवढ्यावर थांबायचं नाही. नेमकी जागा सांगायची, जसं की, "खिडकी डावीकडे आहे, मग तांब्याची सावली डावीकडे कशी?" याने माणूस खचत नाही, पुन्हा बघतो. चार, चित्र पूर्ण होण्याआधी एकदा भिंतीला टेकवून दहा पावलं मागे जायचं, किंवा आरशात पाहायचं. आरसा उजवं-डावं उलटं करतो, त्यामुळे सवयीने झाकलेली चूक आपली आपल्यालाच दिसते. मग दुसऱ्याने सांगायची गरजही उरत नाही.

ताई दीड महिन्यानंतर परत आल्या. ते चित्र मात्र परत आलं नाही. जलरंगात पडलेला रंग पूर्ण निघत नाही. त्यांनी बाग पुन्हा काढून पाहिली, पण म्हणाल्या, "पहिल्यासारखी नाही होत." आता त्या मोसंबीच काढतात, एकेक फळ, खिडकीजवळ ठेवून. खालच्या कडेची उजळ रेघ त्यांच्याइतकी कुणालाच जमत नाही.

परवा मी त्यांच्या मागे उभा होतो. सावली मला थोडी फिकी वाटत होती. मी हात पाठीमागे बांधले आणि विचारलं, "ताई, काय दाखवायचंय?" त्या म्हणाल्या, "थांबा भाई, अजून बघतेय." मी माझ्या जागेवर जाऊन बसलो.